चंद्रावरच्या ठशांची राखण कोण करणार?

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ. वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही मुलांना चांद्रयान-3 चंद्रावर उतरताना दाखवत होतो. विहारातला प्रोजेक्टर मागून आणला होता, पडदा म्हणून पांढरी चादर लावली होती. विक्रम लँडर अलगद टेकला आणि खोली टाळ्यांनी दणाणली. प्रज्ञान रोव्हरच्या मागच्या चाकांवर इस्रोचे बोधचिन्ह आणि आपली राजमुद्रा, म्हणजे सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह, कोरलेले आहेत हे सांगितल्यावर तर मुलांना कोण आनंद झाला. त्या गोंधळात आठवीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, आपण लेणी साफ करायला गेलो होतो, तिथं लोकांनी भिंतीवर नावं खरडली होती. चंद्रावर पण कुणी असं केलं तर?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्र शिकताना वारसा, स्मृती, सत्ता हे सगळे शब्द घोकले होते, पण त्यात पृथ्वीबाहेरची जागा कधी आली नाही. म्हणून वाचायला घेतले. वाचता वाचता लक्षात आले की हा प्रश्न ना लहान मुलीचा आहे, ना फक्त शास्त्रज्ञांचा. चळवळीतल्या ज्या तरुणांनी लेण्यांवरच्या अतिक्रमणाविरुद्ध निवेदने दिली आहेत, पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात हेलपाटे घातले आहेत, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

आधी तिथे आहे काय ते पाहू. माणसाने बनवलेली पहिली वस्तू चंद्रावर पोहोचली ती सप्टेंबर 1959 मध्ये. ते सोव्हिएत संघाचे लूना-2 यान होते आणि ते चंद्रावर आदळले. पहिले अलगद उतरणे फेब्रुवारी 1966 चे, लूना-9 चे. 20 जुलै 1969 रोजी अपोलो-11 मधून नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन उतरले. 1972 पर्यंत सहा अपोलो मोहिमांतून एकूण बारा माणसे चंद्रावर चालून आली. नंतर चीनने 2019 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर यान उतरवले, आणि 2023 मध्ये आपण दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात. यशस्वी आणि आदळलेली सगळी याने धरली तर दीडशे टनांहून अधिक मानवनिर्मित सामान तिथे पडून आहे.

अपोलो-11 च्या जागी यानाचा खालचा सांगाडा अजून उभा आहे. भूकंपमापक आहे, कॅमेरा आहे, पाठीवर घेतलेले प्राणवायूचे संच आहेत. पृथ्वीवरून सोडलेला लेझर किरण परत पाठवणारा आरसा आहे, तो आजही काम करतो. नाण्याएवढी एक सिलिकॉनची चकती आहे, तिच्यावर 73 देशांच्या नेत्यांचे संदेश अतिसूक्ष्म अक्षरांत कोरलेले आहेत. त्यात तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांचाही आहे. भारताचा शब्द चंद्रावर विक्रमच्या चोपन्न वर्षे आधी पोहोचला होता, हे आम्हालाही माहीत नव्हते. यानांचे वजन कमी करण्यासाठी टाकून दिलेल्या वस्तूही तिथेच आहेत, अगदी मलमूत्राच्या पिशव्यांसकट. ऐकून हसू येईल, पण पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्याला राजवाड्यापेक्षा उकिरडा जास्त बोलका वाटतो. आणि इतक्या वर्षांच्या किरणोत्सारानंतर त्या पिशव्यांतल्या जिवाणूंचे काय झाले, हा जीवशास्त्राला खरोखरच हवा असलेला प्रश्न आहे.

आणि ठसे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. बारीक उल्कांचा मारा सोडला तर तिथली धूळ हलवणारे काही नाही. आर्मस्ट्राँगच्या बुटाचा ठसा कुणी हात लावला नाही तर लाखो वर्षे टिकेल. आपल्याकडे अजिंठ्याचे रंग दोन हजार वर्षांत उडत चालले म्हणून आपण हळहळतो. तिथे मात्र निसर्ग जवळजवळ काहीच बिघडवत नाही, बिघडवू शकतो तो फक्त माणूस.

हे नुसते अनुमान नाही, त्याचा पुरावा आहे. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो-12 मुद्दाम एका जुन्या यानाजवळ उतरवण्यात आले. ते सर्व्हेयर-3 नावाचे मानवरहित यान अडीच वर्षे आधी तिथे उतरलेले होते. दोन्हींत अंतर जेमतेम दीडशे-पावणेदोनशे मीटर. अंतराळवीरांनी सर्व्हेयरचा कॅमेरा आणि इतर काही भाग काढून पृथ्वीवर आणले. तपासणीत दिसले की अपोलो-12 उतरताना इंजिनाच्या झोताने उडालेल्या धुळीने सर्व्हेयरचा पृष्ठभाग अक्षरशः घासून काढला होता, कारखान्यात लोखंडावर वाळूचा मारा करतात तसा. हवाच नसल्याने धुळीचा कण वाटेत अडत नाही, मंदावत नाही, बंदुकीच्या छऱ्यासारखा सरळ दूरवर जातो. म्हणजे कुणी वाईट हेतूने जायलाच हवे असे नाही. चांगल्या मनाने 'दर्शनाला' गेलेले यानही जवळ उतरले तर त्याच्या झोताने ठसे पुसले जातील.

इतकी वर्षे हा धोका फारसा जाणवला नाही, कारण 1976 नंतर 2013 पर्यंत चंद्रावर कुणी अलगद उतरलेच नाही. आता चित्र पालटले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पहिल्यांदा एका खासगी कंपनीचे यान चंद्रावर उतरले, मार्च 2025 मध्ये दुसऱ्या कंपनीचे उतरले. चंद्रावर माल पोहोचवणे हा धंदा झाला आहे. पर्यटनाच्या गोष्टी अजून जाहिरातीपुरत्या आहेत, पण लेण्यांच्या पायथ्याशी हॉटेले कशी उगवतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनी गाफील राहू नये.

कायदा काय म्हणतो?

इथे खरी गोम आहे. 1967 चा अंतराळ करार हा या क्षेत्रातला मूळ कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमानुसार चंद्रावर किंवा अंतराळातल्या कुठल्याही पिंडावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. झेंडा रोवला तरी नाही, वापर केला तरी नाही. आठव्या कलमानुसार मात्र पाठवलेल्या वस्तूची मालकी पाठवणाऱ्या देशाकडेच राहते. दोन्ही कलमे एकत्र वाचा. यान अमेरिकेचे, पण ते ज्या मातीवर उभे आहे ती कुणाचीच नाही. विक्रम आपला, पण त्याच्याभोवतीच्या चाकांच्या खुणा कुणाच्याच नाहीत. बुटाचा ठसा ही 'वस्तू' नाही, ती मातीतली खूण आहे. म्हणजे सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात मोलाची गोष्टच कायद्याच्या फटीत पडली आहे.

मग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत का घालत नाहीत? हा प्रश्न आम्हालाही पहिल्यांदा पडला. अजिंठा, सांची, महाबोधी विहार या यादीत आहेतच. पण 1972 चा जागतिक वारसा करार असा आहे की ज्या देशाच्या हद्दीत स्थळ असेल त्यानेच त्याचे नाव सुचवायचे. चंद्र कुणाच्याच हद्दीत नाही, त्यामुळे नाव सुचवणारा कुणी नाही. अमेरिकेने सुचवले तर तो चंद्रावर हक्क सांगितल्यासारखे होईल आणि 1967 चा करार मोडेल.

कॅलिफोर्निया आणि न्यू मेक्सिको या अमेरिकी राज्यांनी 2010 मध्ये यातून एक शक्कल काढली. अपोलो-11 च्या जागी असलेल्या वस्तूंची नोंद त्यांनी आपापल्या राज्याच्या वारसा यादीत केली. जागेची नाही, फक्त वस्तूंची. या कामामागे न्यू मेक्सिकोतल्या पुरातत्त्व अभ्यासक बेथ ओ'लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मेहनत होती. त्यांच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले होते, आपले वारसा जतनाचे कायदे चंद्रावर लागू होतात का? त्यातून त्यांनी अपोलो-11 च्या जागी राहिलेल्या शंभराहून अधिक वस्तूंची यादी केली. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीची आठवण इथे झाल्याशिवाय राहिली नाही.

2011 मध्ये नासाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याला निमित्त होते एका मोठ्या बक्षिसाचे. चंद्रावर यान उतरवणाऱ्या खासगी संघाला गूगलच्या पैशातून बक्षीस जाहीर झाले होते आणि अपोलोच्या जागेला भेट देणाऱ्याला वर जादा रक्कम मिळणार होती. बंगळुरूचा एक संघही त्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत पोहोचला होता. 2018 मध्ये मुदत संपली, कुणीच जिंकले नाही, पण त्या भीतीपोटी निघालेल्या सूचना राहिल्या. त्यांनुसार अशा स्थळांपासून दोन किलोमीटरच्या आत यान उतरवू नये. अपोलो-11 भोवती 75 मीटर आणि अपोलो-17 भोवती 225 मीटर इतक्या अंतरात रोव्हरही नेऊ नये.

आकडे वाचून काही आठवले का? आपल्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने हेच केले आहे. केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधकाम नाही. ज्यांनी लेण्यांसाठी लढा दिला आहे त्यांना ही अंतरे तोंडपाठ असतात. फरक इतकाच की आपल्याकडे निदान कायदा आहे, मोडला तर गुन्हा आहे, भले अंमलबजावणीची बोंब असो. नासाच्या त्या नुसत्या सूचना होत्या. 31 डिसेंबर 2020 रोजी अमेरिकेने कायदा करून त्या आपल्या कंत्राटांना आणि अनुदानांना जोडल्या, म्हणजे नासाबरोबर चंद्रावर काम करणाऱ्यांना त्या पाळाव्या लागतात. नासाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या देशाच्या यानाला त्या कायद्याचे काही देणेघेणे नाही.

भारताचा संबंध येतो तो आर्टेमिस करारांमुळे. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने आठ देशांनी ते मान्य केले. भारताने 21 जून 2023 रोजी त्यांवर सही केली. त्यातले नववे कलम अंतराळातल्या वारशाविषयी आहे: माणसांच्या आणि यंत्रांच्या उतरण्याच्या ऐतिहासिक जागा, तिथल्या वस्तू, याने यांचे जतन करण्याचा सहभागी देशांचा इरादा आहे, असे ते म्हणते. 'इरादा' हा शब्द महत्त्वाचा. हे करार बंधनकारक नाहीत, आणि चंद्रावर सर्वाधिक सक्रिय असलेल्यांपैकी चीन त्यात नाही, रशियाही नाही. 1979 चा चंद्र करार याहून स्पष्ट होता, त्याने चंद्राला मानवजातीचा सामायिक वारसा म्हटले. भारताने त्यावर 1982 मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिली नाही. मोठ्या अंतराळशक्तींपैकी कुणीच दिली नाही, आणि सौदी अरेबियाने तर मान्यता देऊनही नंतर माघार घेतली.

मालकी नसलेल्या जागेचे जतन करताच येत नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. अंटार्क्टिका आहे ना. तिथे कुणाचाही सार्वभौम दावा चालत नाही, तरी 1959 च्या करारातील देशांनी मिळून ऐतिहासिक स्थळांची एक यादी ठेवली आहे. त्या यादीत 44 व्या क्रमांकावर आपल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेतल्या सदस्यांच्या नावांची पाटी आहे. ती मोहीम जानेवारी 1982 मध्ये तिथे उतरली होती. म्हणजे कुणाच्याच नसलेल्या भूमीवर आपला वारसा इतर देश राखत आहेत. हेच चंद्रावर का होऊ नये? त्यासाठी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांची अंतराळाच्या शांततामय वापराविषयीची समिती आहे, भारत तिचा जुना सदस्य आहे. 2017 मध्ये मिशेल हॅनलन या वकिलांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेली 'फॉर ऑल मूनकाइंड' ही संस्था तिथे याच मागणीचा पाठपुरावा करते. 2025 च्या सुरुवातीला 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेने धोक्यातील स्थळांच्या आपल्या यादीत पहिल्यांदाच चंद्राचे नाव घातले.

पण वारसा कुणाचा?

इथपर्यंत सगळे सरळ वाटते. पण आपल्याला अनुभवाने माहीत आहे की वारसा हा आपोआप सापडत नाही, तो कुणीतरी ठरवतो. आणि ठरवणारे हात कुणाचे, यावर काय उरते आणि काय विस्मरणात जाते हे अवलंबून असते.

सारनाथचेच घ्या. ज्या सिंहांची मुद्रा आज चंद्राच्या धुळीवर फिरून आली, ते सिंह 1904-05 च्या उत्खननात मातीखालून निघाले. त्याआधी 1794 मध्ये तिथल्या धर्मराजिक स्तूपाच्या विटा बनारसमधल्या बांधकामासाठी काढून नेल्या गेल्या आणि आत सापडलेल्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. तेव्हाच्या लोकांना तो वारसा वाटलाच नाही, विटांचा ढिगारा वाटला. अजिंठ्याच्या 10 व्या लेण्यात 1819 मध्ये आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावर स्वतःचे नाव आणि तारीख खरडली. त्याला बहुधा वाटले असेल की आपणच ही जागा शोधली. ते नाव आता स्वतःच इतिहास होऊन बसले आहे. चंद्रावर 'पहिले' पोहोचलेल्यांचे ठसे जपताना ही गोष्ट विसरू नये.

अपोलो-11 उडण्याच्या आदल्या दिवशी, 15 जुलै 1969 रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अबरनथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन प्रक्षेपण केंद्रावर मोर्चा घेऊन गेले. देशात माणसे उपाशी असताना हा खर्च कशाला, असा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः बाहेर येऊन त्यांना भेटले. आणि ज्या गणितावर अमेरिकेची याने उडाली त्यात कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन, मेरी जॅक्सन या कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा होता. सुरुवातीला त्यांना वेगळ्या कक्षात बसून, वेगळे स्वच्छतागृह वापरून काम करावे लागले होते. पाणवठ्याचा इतिहास असलेल्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. चंद्रावरचा सांगाडा जपायचा असेल तर त्याच्या पाटीवर ही नावे असतील का?

आपल्याकडेही तेच. 21 नोव्हेंबर 1963 रोजी भारताचे पहिले रॉकेट केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून उडाले. गावकऱ्यांनी घरे सोडली, ख्रिस्ती समाजाने आपले चर्च दिले. ते चर्च आज अंतराळ संग्रहालय म्हणून जपले आहे, ही आनंदाची गोष्ट. श्रीहरिकोटा बेटावर यानादी आदिवासी राहत होते. प्रक्षेपण केंद्र उभारताना त्यांच्यातल्या अनेकांना बेट सोडावे लागले. त्यांची आठवण किती उड्डाणांच्या वेळी निघते? अंतराळाच्या वारशात आम्ही या जागाही धरतो.

वारशाच्या नावाखाली जमीन अडवण्याचा धोकाही आहे. दोन किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ म्हणजे साडेबारा चौरस किलोमीटर. चंद्र एवढा मोठा की सहा-सात वर्तुळांनी काही बिघडत नाही, असे म्हणता येईल. पण दक्षिण ध्रुवाजवळ, जिथे गोठलेले पाणी आहे, तिथल्या मोक्याच्या जागा मोजक्याच आहेत. तिथे आधी पोहोचलेल्याने 'हा आमचा वारसा, लांब राहा' म्हटले तर 1967 च्या कराराचा आत्माच जाईल. म्हणून यादी करायची तर सर्वांनी मिळून, अंतरे ठरवायची तर सर्वांनी मिळून. एका देशाच्या संस्थेने आखून दिलेली वर्तुळे, हेतू कितीही चांगला असला तरी, पुरेशी नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पावित्र्याचा मुद्दाही सुटत नाही. जानेवारी 2024 मध्ये एका खासगी यानातून मृतांचे रक्षावशेष चंद्राकडे पाठवले गेले. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासी राष्ट्राने आधीच लेखी हरकत घेतली होती, कारण चंद्र त्यांच्यासाठी पवित्र आहे. अशीच हरकत त्यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी घेतली होती आणि तेव्हा नासाने दिलगिरी व्यक्त केली होती. ते यान चंद्रावर पोहोचलेच नाही, बिघाडामुळे परतून पृथ्वीच्या वातावरणात जळाले, त्यामुळे वाद थांबला. सुटला मात्र नाही. पवित्र मानणे हे आपल्या विचारात बसो न बसो, ज्यांना विचारायला हवे त्यांना विचारले गेले नाही, ही तक्रार आपल्याला परकी नाही.

नावांचेही तसेच. विक्रम जिथे उतरला त्या जागेला 'शिवशक्ती' हे नाव दिले गेले आणि मार्च 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ते मान्य केले. चाकावर सारनाथचे सिंह आणि जागेला एका धर्मपरंपरेचे नाव. सर्व भारतीयांच्या पैशातून झालेल्या कामाला सर्वांना आपले वाटेल असे नाव देता आले असते, एवढेच आम्ही म्हणू. जाता जाता सांगायचे तर, चाकांवरच्या सिंहांचा ठसा तिथल्या मातीत नीट उमटला नाही. माती भुसभुशीत नव्हती, ढेकळे होत होती, असे इस्रोकडून सांगण्यात आले. तिथल्या मातीविषयीची तीही एक नवी माहितीच ठरली.

राहिला बाजार. सोव्हिएत संघाचा लूनोखोद-2 हा रोव्हर 1973 पासून चंद्रावर उभा आहे. 1993 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सदबीज या कंपनीच्या लिलावात तो विकला गेला, 68,500 डॉलरला. व्हिडिओ गेम बनवणारे रिचर्ड गॅरियट यांनी तो घेतला. वस्तू चंद्रावर, मालक अमेरिकेत. याच सदबीजने 2025 मध्ये हाँगकाँगला पिप्रहवा स्तूपात बुद्धांच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने लिलावाला काढली होती. जगभरातून विरोध झाला, भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्ने भारतात परत आली. ते शक्य झाले कारण बोलणारा समाज होता आणि दावा सांगणारा देश होता. चंद्रावरून उद्या कुणी एखादा तुकडा उचलून आणून विकायला काढला, तर कुठल्या दारात जायचे हे आज ठरलेले नाही.

भारताने अंतराळाविषयीचा स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. आपला स्मारक कायदा शंभर वर्षांहून जुन्या आणि देशाच्या हद्दीतल्या वास्तूंपुरता आहे, त्यात विक्रम कुठेच बसत नाही. कायदा होईल तेव्हा त्यात वारशाचे एक कलम असावे, विक्रमची जागा, 2008 मध्ये चांद्रयान-1 चा शोधक जिथे आदळला ती जागा आणि चांद्रयान-2 चा लँडर पडला ती जागा यांची अधिकृत नोंद व्हावी, आणि व्हिएन्नाच्या समितीत अंटार्क्टिकासारख्या सामायिक यादीची मागणी भारतानेच मांडावी. या मागण्या खासदारांना पत्राने कळवता येतात, कायद्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या की त्या पाठवता येतात. लेण्यांसाठी आपण हे केलेलेच आहे.

23 ऑगस्ट हा आता राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. यंदा त्या दिवशी अभ्यासिकेत आम्ही 1967 चा करार मुलांबरोबर वाचणार आहोत. अवघी 17 कलमे आहेत, एका बैठकीत होतात. आठवे कलम वाचायचे काम त्या मुलीने आधीच मागून घेतले आहे.